ओसरीवर वाचलेल्या चार कादंबऱ्या

अंकातील कथा वाचून झाल्या, ताटलीतील चिवड्याचा तळ दिसू लागला आणि दुपारची वामकुक्षी मात्र अजून येत नाही, अशा वेळी वाचक दिवाळी अंकाची राहिलेली पाने चाळू लागतो. आमच्यासारख्यांचे लेख त्याला भेटतात ते तेव्हाच. म्हणून वाचकांचा फार वेळ न घेता प्रारंभीच सांगून टाकतो, की मी टीकाकार नव्हे. परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात मी मुलांना शिकवितो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. माझ्या नावावर दोन कादंबऱ्या आहेत आणि त्यांच्या न खपलेल्या प्रती आमच्या घरी ज्वारीच्या कोठीवर रचून ठेवलेल्या आहेत. तिसरी कादंबरी तीन वर्षांपासून वहीतच आहे. तिच्याविषयी पुढे बोलण्याचा प्रसंग येणार आहे.

एरवी मी कादंबऱ्या मनातल्या मनात वाचतो. या वर्षी मात्र त्या मोठ्याने वाचाव्या लागल्या. ज्येष्ठात मायच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी धूर, ऊन आणि टीव्ही हे तिन्ही वर्ज्य सांगितले. चूल सुटली, शेत सुटले. बाई रिकामी बसली. शाळेचे तोंड न पाहिलेली ही माझी आई एका रात्री मला म्हणाली, "बाबा, तू रोज त्या पुस्तकात डोकं घालून बसतूस. काय आसतंय त्येच्यात? मला बी सांग की जरा."

झाले. आषाढापासून आमच्या ओसरीवर रात्रीच्या जेवणानंतर कादंबरीवाचन सुरू झाले. श्रोत्यांत माय, आमची मंडळी, नववीतली मुलगी आणि लाईट गेली की शेजारपाजारचे एखाददुसरे माणूस. अश्विन उजाडेपर्यंत चार कादंबऱ्या झाल्या. वाचणारा मी होतो. परंतु आज जी मते मांडणार आहे ती सगळीच माझी आहेत असे म्हणावयाचे धैर्य मला नाही.

आरंभ घरच्या माणसापासून करावा म्हणून बी. रघुनाथ घेतले. परभणीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे. तिथे व्याख्याने ऐकावयास जाणारी शेकडो माणसे आहेत. परंतु त्यांच्या कादंबऱ्या वाचलेला माणूस त्यातून शोधून काढावा लागेल. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचे पूर्ण नाव. १९१३ साली सातोना येथे जन्म. वडील लवकर गेले. हैदराबादेत मॅट्रिकपर्यंत शिक्षण आणि नंतर निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी. ज्या राज्यात सरकारदरबारी उर्दू चाले, शाळाही उर्दूच्या, तिथे बसून या गृहस्थाने मराठीत कविता, कथा आणि सात कादंबऱ्या लिहिल्या. १९५३ च्या ७ सप्टेंबरला परभणीत, कचेरीत काम करीत असतानाच ते गेले. वय अवघे चाळीस. 'आडगावचे चौधरी' ही त्यांची शेवटली कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. वाचनालयातून मी तीच आणली होती. शिवण सुटलेली प्रत, पानाला हात लावावा तर कोपरा हातात यावा, अशी तिची अवस्था!

माझे मत स्पष्ट सांगतो. बी. रघुनाथ मुळात कवी. त्यांच्या गद्यातही कवीच बोलतो आणि त्याला थांबवावे कोणी? एकट्याने वाचताना त्या लांब, डुलत्या वाक्यांची मोहिनी पडते. मोठ्याने वाचताना श्वास पुरत नाही. तिसऱ्या रात्री वाचता वाचता मान वर करून पाहिले तो माय भिंतीला टेकून गाढ झोपलेली. मुलीला हसू आवरेना. परंतु एक गोष्ट मात्र खरी, की हैदराबाद संस्थानातला मराठी मध्यमवर्ग, त्याची कचेरी, त्याची भीती, त्याचा दबलेला स्वाभिमान हे सारे पुण्यामुंबईच्या कादंबरीला त्या काळी ठाऊकच नव्हते. ते इथल्याच माणसाने लिहावयास हवे होते आणि या माणसाने ते लिहिले. १९४८ साली हैदराबाद मुक्त होण्याच्या आगेमागचा मराठवाडा आतून कसा दिसत होता, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी या कादंबऱ्यांतला पाल्हाळ सोसावा. सोसल्याचे फळ मिळते.

माय जागी झाली तेव्हा मी तिला पुस्तक सोडून लेखकाचीच हकीकत सांगितली. तिने ती लक्ष देऊन ऐकली आणि विचारले, "चाळीस वर्सात येवढं लिवलं? अन् पगार कितीक व्हता?" मी म्हणालो, कारकुनाचा असतो तेवढा. ती म्हणाली, "मंग तेंच्या घरच्या बाईनं संसार कसा केला आसंल?" यावर आमच्या घरच्या बाईने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की त्या रात्रीचे वाचन मी तिथेच आटोपते घेतले.

दुसरी कादंबरी 'पाचोळा'. रा. रं. बोराडे २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. तेव्हापासून ती पुन्हा वाचावयाची मनात होते. १९७१ साली आलेले हे लहानसे पुस्तक. खेड्यातल्या एका शिंप्याच्या संसाराची वाताहत त्याची बायको पार्वती आपल्या तोंडाने सांगते, आणि सांगते ती मराठवाड्याच्या बोलीत, पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत. आम्ही शाळेत 'शुद्ध बोला, शुद्ध लिहा' म्हणून मुलांच्या वह्या तांबड्या करतो. त्याच बोलीत अख्खी कादंबरी उभी राहते हे विशीत पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी चकित झालो होतो. या खेपेस चकित होण्याची पाळी निराळ्या कारणाने आली.

वाचावयास सुरुवात केली आणि दुसऱ्या पानावर माय म्हणाली, "थांब. ही बाई बसून सांगंना गेली. ही काम करता करता सांगायली." मी पुस्तकाकडे पाहतच राहिलो. इतकी वर्षे हे मला कसे दिसले नाही! पार्वतीची वाक्ये तुटक आहेत. एक सांगता सांगता ती दुसरे सांगू लागते, पुन्हा पहिल्यावर येते. यालाच विद्वान लोक निवेदनशैली म्हणतात. माय म्हणते, भाकरी थापणाऱ्या बाईचे बोलणे असेच असते; तव्यावरची उलटायची असते ना! बोराड्यांनी पार्वतीला विश्रांती दिलीच नाही आणि तिच्या शैलीचे रहस्य तेच आहे. पुरुषांचे मानापमान, गावातल्या मोठ्यांशी वैर, हट्ट हे सारे चव्हाट्यावर घडते. त्याची किंमत मात्र घरात मोजली जाते आणि आपण ती गोष्ट मोजणारीच्या तोंडून ऐकतो. हीच गोष्ट शिंप्याने सांगितली असती तर ती एका स्वाभिमानी माणसाची शोकांतिका झाली असती. पार्वती सांगते म्हणून तो स्वाभिमान कोणाच्या जिवावर चालला होता हेही कळते.

दोष सांगावयाचाच तर एक सांगतो. संकटामागून संकट येत जाते आणि अर्ध्यावर आल्यानंतर वाचकाला सुटकेची आशा उरत नाही. आमच्या ग्रामीण कादंबरीला ही सवय पुढे फार जडली, मलाही जडली. माय मात्र या दोषाला दोष म्हणावयास तयार नाही. "बाप्याचा हट्ट अन् बाईचं मरण," एवढेच ती म्हणाली आणि पुस्तक संपले त्या रात्री ती फार वेळ जागी होती. आमच्या गावचा शिंपीही एक रात्र ऐकावयास आला होता. बाजारात तयार कपडे आल्यापासून त्याचे मशीन फाटके शिवण्यापुरतेच उरले आहे. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या रात्री आला नाही. एखाद्या कादंबरीवर याहून मोठा अभिप्राय मी अद्याप ऐकलेला नाही.

आता तिसऱ्या कादंबरीकडे येतो. आणि इथे मला माझीच कैफियत द्यावयाची आहे.

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' २००२ साली प्रसिद्ध झाली आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. देशमुख बुलढाणा जिल्ह्यातले, म्हणजे आमच्या शेजारचे. जिंतूरकडून वर चढले की त्यांचा मुलूख फार लांब नाही. कापूस तोच, कर्ज तेच. एकनाथ हा शेतकऱ्याचा मुलगा एम. ए., बी. एड. झालेला, परंतु नोकरीसाठी पैसे मोजण्याची ऐपत नाही म्हणून तो पुन्हा शेतातच अडकतो. वडील सुभानराव, आई शेवंता, धाकटा भाऊ मधू आणि शहराच्या वळणाची बायको अलका. शेतीच्या बारा महिन्यांची चाके फिरत राहतात आणि हे घर त्यात भरडून निघते.

मास्तर म्हणून या पुस्तकाने मला घायाळ केले. माझ्या हाताखालून गेलेला, वर्गात पहिला येणारा एक मुलगा पदविका घेऊन आज आठवडी बाजारात लसूण विकतो. मला पाहिले की तो मान खाली घालतो आणि मीही दुसरी गल्ली धरतो. त्या मुलाच्या मनात काय चालले असेल ते मला 'बारोमास'ने सांगितले. देशमुखांना शेतीचे जे ज्ञान आहे ते ऐकीव नाही. पेरणी, डवरणी, कापसाचे भाव, सावकार, बियाण्याची फसगत यातले काहीही त्यांनी लांबून पाहिलेले नाही. त्या ज्ञानाचा भार मात्र कादंबरीला अधूनमधून होतो. जे जे ठाऊक ते ते सांगितलेच पाहिजे असा अट्टाहास काही प्रकरणांत दिसतो आणि मग गोष्ट बांधावर उभी राहून वाट पाहत बसते. पन्नाससाठ पाने कमी असती तर हीच कादंबरी अधिक खोल रुतली असती, असे माझे मत आहे.

पण आमच्या ओसरीवर वाद झाला तो पानांवरून नव्हे, अलकेवरून. मी वाचता वाचता सहज बोलून गेलो, की एकनाथाची बायको जरा समजूतदार असती तर त्या घराचे निम्मे दुःख टळले असते. मंडळी लसूण सोलीत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "तिला लग्नाआधी काय सांगितलं होतं?"

मी म्हणालो, मुलगा एम. ए. आहे, नोकरी लागेल, हे सांगितले होते.

"मग नोकरी लागली नाही तर खोटं कोण पडलं? ती की सांगणारे?"

मी म्हणालो, परिस्थिती खोटी पडली. एकनाथाचा त्यात काय अपराध?

"त्याचा नाहीच. पण मग तिचा कसा?" ती म्हणाली. "तुम्ही एकनाथाचं दुःख वाचताना आवाज जड करता आणि ती बोलायला लागली की तुमचा आवाज किरकिरा होतो. पुस्तकात तसं लिहिलंय का?"

मी पुस्तकात पाहिले. तसे लिहिलेले नव्हते. देशमुखांनी अलकेला तिचे बोलणे दिलेले आहे आणि तिचा संताप दिलेला आहे. किरकिरा आवाज माझा होता! लेखकाने जो न्याय केला तो वाचकाने वाचताना काढून घेतला. हे पाप माझ्या हातून एका रात्रीत किती वेळा घडले असेल कोण जाणे.

आमची मंडळी परभणी शहरातली. खेड्यात आली तेव्हा तिला विहिरीवरून पाणी ओढता येत नव्हते. ते ती शिकली. त्याविषयी ती कधी बोलली नाही आणि मीही विचारले नाही. त्या रात्री तिने हात पुसले आणि शांतपणे आणखी एक वाक्य उच्चारले: "तुमच्या वहीतली सून तर एकदाही स्वतःहून बोलत नाही. नुसती भांडी आपटते."

वाचकहो, तीन वर्षे जी कादंबरी पुढे सरकत नव्हती ती का सरकत नव्हती हे मला त्या क्षणी समजले. माझ्या वहीत दोन भावांची वाटणी आहे. बांध, विहीर, गोठा यांचे वाद आहेत. म्हाताऱ्या बापाचे दुःख मी अगदी जीव ओतून लिहिले आहे. आणि घर फोडणारी म्हणून एक सून उभी केली आहे. तिला नाव आहे, नाकीडोळी वर्णन आहे. फक्त बाजू नाही. मराठी ग्रामीण कादंबरीत अशा भांडी आपटणाऱ्या सुना काही थोड्या नाहीत, अशी सबब मी मनातल्या मनात देऊन पाहिली. ती टिकली नाही. मी वही उघडण्याचेच सोडून दिले.

त्या मनःस्थितीत चौथे पुस्तक हाती घेतले: कृष्णात खोत यांचे 'रिंगाण'. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी. खोत कोल्हापूरकडचे, पन्हाळ्याच्या परिसरातले आणि पेशाने शिक्षक. त्यामुळे थोडा जातभाईपणा वाटला. धरणामुळे गाव उठले, माणसे दुसरीकडे वसली. एक म्हैस मात्र जुन्या गावी राहून गेली. तिला आणण्यासाठी एक माणूस परत जातो. एवढीच गोष्ट. परंतु मागे राहिलेली म्हैस आता पूर्वीची उरलेली नाही. रानाने तिला आपली केली आहे. ती धन्याला ओळखीत नाही आणि माणूस व जनावर यांच्यात एक विलक्षण झुंज सुरू होते.

धरणग्रस्तांवर विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' आपण सर्वांनी वाचलेली आहे. तिच्यात कचेऱ्या आहेत, पुढारी आहेत, अवघा गाव आहे. ती वाचून आपल्याला राग येतो. 'रिंगाण'मध्ये हे सारे दूर कुठेतरी मागे आहे. समोर एक माणूस आणि एक म्हैस. ही वाचून राग येत नाही. पोटात खड्डा पडतो. आमच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. त्या पाण्याकाठी उभा राहून मी पुष्कळदा वीज आणि कालवे यांचा धडा मुलांना शिकविला. पाण्याखाली काय राहिले असेल हा धडा मात्र मी कधी घेतला नव्हता.

उणीव सांगावयाची तर भाषा आम्हा मराठवाड्याच्या माणसांना जड जाते. तिकडचे रानाचे, झाडांचे, जनावरांच्या हालचालींचे शब्द आमचे नव्हेत. शिवाय लेखक एकेका क्षणाभोवती इतके फिरतात, की वाचणारा दमतो. माय तर म्हणाली, "म्हशीमागं आपुन बी पळून पळून थकलाव." परंतु मला वाटते, हे थकणे लेखकाला हवेच होते. त्या माणसाबरोबर आपण थकलो नाही तर त्याचे परत जाणे आपल्याला वेडेपणाचे वाटेल.

मुलीने मात्र शेवटी भलताच प्रश्न विचारला. "बाबा, सगळे म्हणतात तिला परत आणायचं. पण म्हशीला यायचंय का, हे कुणी का विचारत नाही?" शेवट काय होतो ते मी इथे सांगणार नाही, ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांचा आनंद हिरावून घेणे बरे नव्हे. इतकेच सांगतो, की नववीतल्या मुलीचा तो प्रश्न ऐकून तिच्या आईने माझ्याकडे पाहिले आणि मी वहीकडे.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी वही काढली आणि त्या सुनेकडे परत गेलो. तीन वर्षे मागे टाकलेली बाई. ती मला सहजासहजी ओळख द्यावयास तयार नव्हती. मी तिला बोलते करावयास बसलो तर ती माझ्याच शिकवणीतली वाक्ये बोलू लागे. खोडली, पुन्हा लिहिली. पंधरा दिवसांत चार पाने झाली. त्या चार पानांत तिने वाटणी का मागितली हे तिने स्वतः सांगितले आहे. सांगितले ते ऐकून, मीच लिहिलेले असूनही, मी तिच्या बाजूचा झालो. आता अडचण अशी, की म्हाताऱ्या बापाविषयी जीव ओतून लिहिलेली शंभर पाने पुन्हा लिहावी लागणार. लिहावी लागली तर लिहू.

चार कादंबऱ्यांत श्रेष्ठ कोणती, असे कोणी विचारील. माझा कौल 'पाचोळा'ला. सर्वांत लहान आहे आणि तिच्यात एकही वाक्य लेखकाचे नाही; सगळी पार्वतीची आहेत. मायचा कौलही तोच. मंडळी 'बारोमास'च्या बाजूने आहे. त्यातल्या शेतीमुळे नव्हे, हे सांगावयास नको. मुलीला 'रिंगाण' आवडली. बिचाऱ्या बी. रघुनाथांना आमच्या ओसरीवर एकही मत पडले नाही. ते मत मी गुपचूप टाकले आहे. मॅट्रिक झालेल्या एका कारकुनाने चाळीस वर्षांच्या आयुष्यात जे केले ते पाहून, वयाने त्यांच्या पुढे गेलेला हा मॅट्रिकवाला मास्तर दुसरे काय करणार?

पुढच्या वर्षीसाठी पुस्तके ठरलेली आहेत. आमच्याच जिल्ह्याचे आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांची 'तसनस' ही शेतकरी चळवळीवरची कादंबरी माझ्या उशाशी आहे. ती ओसरीवर वाचणार. परंतु त्याआधी दुसरे एक वाचन व्हावयाचे आहे. लक्ष्मीपूजन झाले, पाडव्याची ओवाळणी झाली, की त्या रात्री ती चार पाने मी घरात वाचून दाखविणार आहे. मंडळीला अजून सांगितलेले नाही. शाळा तपासावयास साहेब येतात तेव्हा कधी जिवाची इतकी घालमेल झाली नव्हती.

वाचकहो, आपल्याही घरी या चार दिवसांत माणसे जमलेली असतील. एखादी कादंबरी घ्या आणि मोठ्याने वाचा. वाचताना आवाज कोणासाठी जड होतो आणि कोणासाठी किरकिरा, तेवढे घरच्यांना ऐकू द्या. ते ज्या शंका काढतील त्या ऐकून घ्या, रागावू नका. दीपावली आपणांस सुखाची जावो.